अहेवाचं कुंकू

३ एप्रिल २०२५, गुरुवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी सकाळी सहालाच वेणीफणी करून तयार! लग्नाच्या दिवशीही इतकी वेळेवर तयार नव्हते.

एकोणीस वर्षं बियाण्याच्या कंपनीत काढली. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठव्या दिवशी कोंब मोजायचे, उगवले नाहीत ते चिमट्यानं बाजूला काढायचे आणि त्यांच्यापुढं 'मृत' लिहायचं. गेल्या दिवाळीत कंपनीनं प्रयोगशाळा हैदराबादला हलवली आणि आम्हा सात जणींना एकेक शाल देऊन घरी पाठवलं. बाकीच्या सहा जणी अजून ती शाल कुरवाळत बसल्यात. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी 'विसावा अंत्यसेवे'त लागले. गेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची, नीट नेसवायचं आणि घरच्यांच्या स्वाधीन करायचं. हल्ली घरात माणसं कमी, मुलं परगावी, शेजारणी दारातून डोकावून जातात. मग आम्हाला फोन येतो.

मालक राजानंद सर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. करोनात कोणी हात लावेना अशी प्रेतं उचलायला गेले आणि पुन्हा वर्गात काही त्यांचं मन रमलं नाही. गाडीवर अंगद आहे, तो प्रत्येक कामाला निघताना आरशात बघून भांग पाडतो. आणि माझ्या वरच्या उषाबाई. मूळच्या केदारखेड्याच्या. गावात वीस वर्षं त्यांनी हे काम नुसतं मायेपोटी केलं. मी त्यांच्या हाताखाली शिकायचं आहे.

प्रीतीला, म्हणजे माझ्या मुलीला, पुण्याला फोन करून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, हातमोजे तरी देतात का. गल्लीतल्या बायकांनी मात्र माझ्याकडून विरजण न्यायचं बंद केलंय. बरं झालं, दूध वाचलं.

ही वही कंपनीतली आहे, कोरी राहिलेली. उगवणीच्या नोंदी करायची सवय हाताला आहेच, आता रोजच्या नोंदी करीन.

७ एप्रिल, सोमवार

आज पहिल्यांदा हात लावला. मोंढ्याजवळच्या घरातली ऐंशीची म्हातारी. भीती वाटली का? नाही. उलट एखाद्या झोपलेल्या पाहुण्याला त्रास होऊ नये तसं मन जपून काम करत होतं.

पाणी कोमट लागतं, कढत नको, कातडी सुटते. आधी हनुवटीखालून पट्टी बांधायची, मग पायाचे अंगठे एकमेकांना बांधायचे. नखं निळसर पडलेली असतात, पावलं सगळ्यात आधी गार होतात आणि तो गारठा वर चढत जातो. कुशीवर वळवताना खांद्याला धरायचं, मनगटाला नाही. उषाबाई हे सगळं करताना त्या म्हातारीशी बोलत होत्या, "झालं हां माय, जल्दी आवरते, थंडी न्हाई वाजू देत." म्हातारीच्या लेकी त्यांच्या पाया पडल्या. माझ्याकडं कोणी पाहिलंही नाही. पाणी तर मीच तापवलं होतं!

दुपारी उषाबाईंचे यजमान आदिनाथ डबा घेऊन आले. रोज येतात म्हणे, उन्हातान्हात सायकलवरून. बाई जेवेपर्यंत समोर बसून राहिले आणि रिकामा डबा घेऊन गेले. मला दुसऱ्याचं बरं बघवत नाही, हे मी या वहीत कबूल करून टाकते. मी माझी भाकरी तशीच परत बांधून ठेवली.

१२ एप्रिल, शनिवार

आज अहेव बाई होती. नवऱ्याआधी गेलेली.

विधवेचं आणि अहेवेचं जाणं यात इतका फरक असतो हे मला माहीत होतं, पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा, ओटी, वेणीत गजरा. सगळं कपाळ कुंकवानं भरतात, त्याला मळवट म्हणतात. मग गल्लीतल्या सवाष्णी एकेक करून येतात, पाया पडतात, तिच्या कपाळावरचं चिमूटभर कुंकू स्वतःच्या कपाळाला लावतात आणि मनात मागतात की मलाही असंच मरण येऊ दे. रांग लागली होती. जिवंतपणी त्या बाईला कोणी हळदीकुंकवाला पुढं बसवलं नसेल, आज ती देवी झाली होती.

मी कुंकवाची वाटी उचलली, तर उषाबाईंनी माझ्या हातातून काढून घेतली. "आंघोळ तू घाल, बराबर घालती तू. पण मळवट मीच भरणार. तुझं कपाळ तसं न्हाई, मीना." हळूच म्हणाल्या, वाईट बोलल्या असंही नाही. मी बादल्या धुवायला निघून गेले. बादल्या इतक्या घासल्या की अंगद म्हणाला, "ताई, रंग जाईल."

शीतलचाही असाच मळवट भरला होता.

शीतल ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. लग्नानंतर दोन वर्षांत काविळीनं गेली, तेवीस वर्षांची. वर्षभरानं मी दुसरेपणावर आले. आमच्याकडं रीत अशी की दुसरीनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली इवलीशी बाई. रोज आंघोळ झाली की आधी तिला कुंकू, मग मला. बावीस वर्षं मी तिला आधी कुंकू लावलं. भिंतीवर तिचा मळवट भरलेला फोटो. यांना कोणी लग्नाचं विचारलं की हे तिच्या मयताचं सांगायचे, किती माणूस आलं होतं, हे कसे धाय मोकलून रडले होते, चौघांनी कसं धरून ठेवलं होतं. मुलगी झाली तेव्हा हे म्हणाले नाव शीतल ठेवू. मी तीन दिवस जेवले नाही. मग प्रीती ठेवलं.

मारहाण नाही, शिवी नाही. एसटीत कंडक्टर होते, गुणी माणूस. पण मला एकदा ताप आला होता तेव्हा यांनी माझ्या उशाशी बसून हळहळत विचारलं, "शीतल, पाणी देऊ का?" मी ते पाणी प्यायले नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज काम नव्हतं. राजानंद सरांना मी विचारलं की करोनात हे गेले तेव्हा, २०२१ च्या एप्रिलमध्ये, तुम्हीच होतात का. ते म्हणाले, होतो, तुमच्या यजमानांचं नाव सोमेश्वर ना. त्यांना आठवत होतं! त्या दिवसांत घरचं कोणी नसायचं म्हणून ते चितेसमोर प्रत्येकाचं नाव एकदा मोठ्यानं घ्यायचे.

मी विचारलं, चेहरा पाहिला होता का. सर म्हणाले, नाही, कोणीच पिशवीची चेन उघडत नव्हतं, चिठ्ठीवर नाव असायचं.

पांढरी प्लॅस्टिकची पिशवी, मधोमध चेन. मी वीस फुटांवरून पाहिली. आंघोळ नाही, तोंडात तुळशीचं पान नाही. मी आणि प्रीती चौदा दिवस घरात कोंडलेल्या, त्यामुळं माझं कुंकू पुसायलाही कोणी आलं नाही. मीच बेसिनपाशी जाऊन पुसलं, मंगळसूत्र आणि टाक काढून डब्यात ठेवला. यांना आंघोळ घालता आली नाही म्हणून मी या कामाला आले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे. पण काल मनात आलं ते असं की यांच्यासाठी मी रडले, ठीक, आता माझ्यासाठी कोण रडणार? शीतलला रडणारा मिळाला होता.

सरांना हे बोलले नाही. त्यांच्याकडं मळवट वगैरे काही नसतं. त्यांच्या आई गेल्या तेव्हा पांढरं वस्त्र, फुलं, त्रिशरण-पंचशील आणि संपलं. सर म्हणतात गेलेल्याचं कपाळ सगळ्यांचं सारखंच. सरांचं बरोबर असेल. पण सरांना सवत नव्हती.

२४ एप्रिल, गुरुवार

आज जे केलं ते लिहून ठेवते.

उषाबाई भाचीच्या लग्नाला केदारखेड्याला गेल्यात. सकाळी शहागडहून फोन आला. अंबडमार्गे तिथं पोचेपर्यंत अकरा वाजले. हायवेवर मच्छिंद्र नावाच्या माणसाचा ढाबा आहे, त्याची बायको गेली. चाळिशीची असेल. देखणी. मी एकटीनंच आंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, चुडा भरला. आणि मळवट भरायची वेळ आली तेव्हा तो मच्छिंद्र आत आला. आडदांड गडी, ट्रकवाल्यांवर खेकसणारा. माझ्यापुढं वाटी मागायला हात केला. बायकोच्या कपाळावर त्यानं स्वतःच्या बोटांनी कुंकू भरलं. कुंकू पापण्यांवर सांडत होतं, आणि तो हंबरडा फोडून म्हणत होता, "मला सोडून कशी चालली गं, माझ्याशी बोलून राह्यलती ना रात्री!" दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं.

खोलीत मी आणि ती. बाहेर बायका रांगेला उभ्या.

मला इतका राग आला त्या बाईचा. मेली होती बिचारी, आणि मी तिच्याकडं बघून दात खात होते. काय केलं होतं हिनं एवढं? मी काय कमी केलं होतं? मी तिच्या कपाळावरचं कुंकू दोन बोटांनी उचललं, अगदी मच्छिंद्रनं भरलेलं, ओलं, आणि माझ्या कपाळाला लावलं. भिंतीवरच्या आरशात पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा कुंकू आधी मला लागलं होतं, टाकाला नाही. आणि मी मागितलं. मनात नाही, ओठांनी मागितलं. मलाही असंच मरण येऊ दे.

वर काळी टिकली लावली. कोणाला कळलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

फार हलकं वाटतंय. दुपारी गाणं गुणगुणत भांडी घासली. कुंकू पुसलं नाही. टिकलीच्या कडेनं लाल दिसतं तेवढं पदरानं झाकते.

शीतलच्या फोटोकडं पाहून हसले. वय झालं तरी माझा पोरकटपणा जात नाही.

२८ एप्रिल, सोमवार

दुपारी दोनच्या सुमारास उन्हानं गल्ली बंद असते. कुत्रंसुद्धा बाहेर नसतं. मी पडले होते. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, प्लॅस्टिकचा. मोठा कागद चुरगळावा आणि पुन्हा सैल सोडावा तसा. थोडा वेळ थांबायचा, मग एक पाऊल पुढं आल्यासारखा यायचा.

धान्याच्या दुकानाची ताडपत्री उडाली असेल, असं म्हणून मी कूस वळले. पण वारा नव्हता. अंगणातली दोरीवरची ओढणी हलत नव्हती.

२९ एप्रिल, मंगळवार

आजही दोन वाजता. आज गल्लीच्या मध्यापर्यंत. दवाखान्यात करोनात जो फवारा मारायचे, त्याचा वास आला. डोळ्यांत पाणी आणणारा.

समोरच्या खोलीत पुंजाराम काका राहतात, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, गेल्याच वर्षी राहायला आलेत. संध्याकाळी त्यांनी विचारलं, पाहुणे आलेत का तुमच्याकडं. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, दुपारी एक माणूस तुमच्या दाराकडं तोंड करून उभा होता, पाठमोरा. नवल एवढंच की एप्रिलच्या उन्हात त्यानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा रेनकोट घातला होता.

मी घरात येऊन कडी लावली. मग कडी काढली. का काढली ते माहीत नाही.

३० एप्रिल, बुधवार

उषाबाई परतल्या. माझ्याकडं बघताच म्हणाल्या, टिकली काढ. काढली. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं आणि कुणाचं ते विचारलं. मी खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या.

काय मागितलंस, असं विचारलं. मी सांगितलं. उषाबाई म्हणाल्या, "अगं येडे, अहेव मरायचं तर नवरा जिता लागतो. तुझा कुठून आणायचा?" मी आधीच रडत होते. मग मी आवाजाचं सांगितलं, रेनकोटचंही.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. शहागडला जा, तिथल्या नदीत, गंगेत, कपाळ धू, मच्छिंद्रच्या घरी त्या बाईच्या फोटोपुढं उभी राहा आणि म्हण, घे तुझं परत. "उद्याच जा. तो घरात पाय ठेवायच्या आत जा. तो पुरा जिता होऊन आला की तुझं मागणं पुरं झालं, मंग तुला न्हाई ठेवत." सरांनीही ऐकलं. सर म्हणाले हे दुःख आहे, चार वर्षं दाबून ठेवलेलं, सुट्टी घ्या, मुलीकडं जाऊन या. आणि तरी तेही म्हणाले, शहागडला जायचंच असेल तर अंगद गाडीनं सोडील.

मी म्हटलं एसटीनं जाईन.

१ मे, गुरुवार

सकाळची गाडी. अंबडपर्यंत गेले. डोकं खिडकीला टेकवून सारखा एकच विचार. कपाळ धुतलं की हे मागं फिरणार. गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत चार दिवस चालत आलेत. ज्यांना चालता येत नाही ते चालत आलेत. जिवंत असताना माझ्यासाठी कधी इतके आले? माझ्या बाळंतपणाला आले नव्हते, ड्यूटी होती म्हणे. शीतलसाठी नगरची गाडी अर्ध्या वाटेत सोडून पळत आले होते, हे मी शंभर वेळा ऐकलंय.

अंबडला उतरले. परतीची गाडी पकडली.

उषाबाईंना सांगितलं, धुऊन आले.

दोन वाजायच्या आत घरी पोचले.

३ मे, शनिवार

पायरीवर बसतात. दाराच्या फटीतून पाठ दिसते. प्लॅस्टिक पांढरं, मधल्या चेनीला चिठ्ठी बांधलेली. नाव वाचता येत नाही, शाई फुटलीय.

मी आतून बसते, दाराला पाठ लावून. मध्ये फक्त फळी. फार भीती वाटते. आणि उठून जावंसं वाटत नाही.

परवा प्लॅस्टिक नुसतं प्लॅस्टिक होतं. आज आतून वाफ धरली होती, तोंडाच्या जागी. श्वास.

५ मे, सोमवार

कामावर गेले नाही. पावलं गार पडलीत. मे महिन्यात! उन्हात फरशीवर उभी राहिले, भाजलं नाही. नखं पाहिली. मी ही नखं ओळखते, महिनाभर हेच तर शिकलेय.

सवयीनं नोंद करते. वाफ: त्यांच्याकडं जास्त. आरशावर तोंड धरलं: माझ्याकडं जवळजवळ नाही. त्यांची पायरी उबदार असते. मी बसते ती जागा गार.

उषाबाई दारापर्यंत आल्या होत्या. मी कडी काढली नाही. बाहेरून रडत म्हणाल्या की मच्छिंद्रला फोन केला, तू तिथं पोचलीच नाहीस, धुतलंस असं खोटं का बोललीस. आदिनाथ सायकल धरून उभे होते. तुम्हाला काय कळणार, उषाबाई. तुम्हाला रोज डबा येतो.

६ मे, मंगळवार

उंबऱ्याच्या आत. कडी मीच काढली.

उभे आहेत. बोलत नाहीत. प्लॅस्टिक आत-बाहेर होतं. खोलीत तो वास.

गुडघ्यापर्यंत गार.

उभे आहेत ते हेच का? सर म्हणाले चेन कोणी उघडली नव्हती. चिठ्ठीवरचं नाव— कोणीही असू शकतं. पण उभं राहण्याची ढब तीच. डाव्या खांद्यावर भार. तिकिटाची बॅग जिथं असायची तिथं.

८ मे, गुरुवार

प्रीतीचा फोन. आवाज खोल गेलाय म्हणाली. शनिवारी येते म्हणाली. मी म्हटलं नको, पुढच्या आठवड्यात ये. तिनं ऐकलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं पोचेल.

तोवर व्हायला हवं. तिनं हे पाहू नये.

हिरवी साडी काढून ठेवली. चुडा आणला. बांगडीवालीनं हात दाबला आणि झटकन सोडला, म्हणाली केवढे गार हात तुमचे.

कमरेपर्यंत. लिहिताना बोटं—

मला जायचं नाहीये. हे आज कळलं. मला मरायचं नव्हतं कधीच. मला फक्त कोणीतरी रडायला—

आता धुतलं तर? गंगा लांब. पाय उचलत नाहीत. माठातल्या पाण्यानं कपाळ धुतलं, तीन वेळा. आरशात लाल. तसंच. ओलं.

९ मे, शुक्रवार

जवळ. हातभर.

चेनीचा आकडा हलतो. आतून.

शीतलचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. बघू नकोस तू. ही माझी वेळ आहे.

१० मे, शनिवार

दुपार. साडी नेसले. बसले भिंतीला टेकून. पाय जुळले, आपोआप. अंगठ्याला अंगठा.

चेन उघडली.

हेच आहेत. हेच. गालावर रंग आहे. जिवंत. माझी छाती हलत नाही आणि हे—

रडताहेत. मोठ्यानं. गल्लीत ऐकू जाईल इतकं. माझ्यापुढं बसून, माझ्यासाठी. बावीस वर्षं वाट—

नाही.

शीतल म्हणताहेत. शीतल, मला सोडून कशी चाललीस.

मी सांगितलं. अहो, मी मीना. मीना आहे मी. नीट बघा.

रडणं थांबलं. एकदम. बघितलं माझ्याकडं, ओळख नाही. चेन वर सरकायला लागली. उठले. पाठ केली. दाराकडं—

गेले तर मी अशीच. मान खाली, एकटी. ना सवाष्ण ना— कोणी रडलं नाही अशी—

हाक मारली. थांबा म्हटलं. मीच. मीच शीतल आहे म्हटलं.

फिरले. आले. रडताहेत, किती रडताहेत. बोट कपाळावर. गरम बोट. फार गरम. कुंकू पापण्यांवर सांडतंय, दिसत नाही नीट—

प्रीती, तू आलीस की बायका विचारतील कोण गेली. हे तिचंच नाव सांगतील. तू सांग. बाळा, तू मोठ्यानं सांग, माझं नाव म